लिफ्ट परवडते का?

मी ज्या खात्यात नोकरी करतो तिथे काहीही बांधलं जात नाही. बांधावं की नाही, एवढंच ठरतं. इंजिनियर लोक पूल, पंप, बॉयलर, पाण्याच्या टाक्या यांचे आराखडे काखोटीला मारून मोठ्या उत्साहाने आमच्या दारात येतात आणि आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारतो, परवडतं का? एवढ्यानेच निम्मे लोक परत जातात. उरलेल्यांसाठी आमच्याकडे तक्ते आहेत. बांधायचा खर्च एका बाजूला, पुढच्या वीस वर्षांतला फायदा दुसऱ्या बाजूला. पण वीस वर्षांनी हातात पडणारा पैसा काही आजच्या पैशाच्या मोलाचा नसतो, म्हणून पुढच्या प्रत्येक वर्षाच्या फायद्याला थोडी थोडी जास्त कात्री लावायची. कात्रीतून वाचलेल्या फायद्याला खर्चाने भागायचं. उत्तर एकाच्या वर आलं तर बांधा, खाली आलं तर आराखडा गुंडाळा. माझ्या सहीने आजवर दोन पूल जन्माला येण्याआधीच गेले आहेत आणि मला झोप उत्तम लागते.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण आमच्या इमारतीतल्या लिफ्टची हकिकत काही लोक जरा वेगळ्या पद्धतीने सांगतात. विशेषतः माझी बायको.

आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची. बांधणाऱ्याने तिला लिफ्ट दिली नाही, जिना मात्र सढळ हाताने दिला. आम्ही अगदी वर, चौथ्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि आई. आई शाळेत गणित शिकवायची, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आणि अजूनही तिने चष्म्यावरून पाहिलं की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. फाटकाजवळ एक बाक आहे. तिथे रोज संध्याकाळी आई आणि तळमजल्यावरच्या काकू बसायच्या. आता आईला उतरता येत नाही आणि काकूंना हृदयाच्या डॉक्टरांनी जिना चढायला सक्त मनाई केली आहे. तेव्हा आई आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसते, काकू खाली बाकावर बसतात, आणि दोघी मधले चार मजले ओलांडून गप्पा मारतात.

या गप्पा ऐकणं इमारतीत कुणालाही चुकत नाही. माझं पोट साफ होत नाही हे दुसऱ्या मजल्याला माहीत आहे. माझी बढती कशी हुकली हे पहिल्या मजल्याला माझ्याआधी कळलं. एकदा मी जिना चढत होतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला थांबवून इसबगोल कोमट पाण्यातून घ्यायला सांगितलं. आईला मात्र या प्रकारात काही गंमत वाटत नव्हती. तिला खाली जाऊन बाकावर बसायचं होतं. ती ते रोज म्हणायची नाही. पण संध्याकाळी गॅलरीत जाताना ती साडी बदलायची, बाहेर निघाल्यासारखी.

म्हणून सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तेव्हा मी गप्प बसलो. ज्याची आई चौथ्या मजल्यावर आहे त्याने लिफ्टबद्दल बोलू नये. विरोधाला काकूंचे यजमान होते, म्हणजे आमचे खजिनदार. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाने लिफ्टची वर्गणी का भरावी, हा त्यांचा सवाल होता, आणि सवाल म्हणून तो अगदी रास्त होता. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टच्या बाजूने होते. त्यांना आम्ही ओळखीवाले म्हणतो, कारण जगातल्या प्रत्येक कार्यालयात त्यांची कुणाशी तरी ओळख असते आणि तिचा आजवर कुणालाही उपयोग झालेला नाही.

“भांडण्यापेक्षा हे परवडतं का, ते कुणी शास्त्रशुद्ध सांगेल का?” असं शेवटी सेक्रेटरी म्हणाल्या. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी तसं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्याला गाता येतं हे माहीत असताना मैफलीत पाहतात ना, तसं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “आठ दिवसांत दोन पानी टिपण देतो. मात्र माझी आई वरच्या मजल्यावर राहते, याचा अभ्यासावर काडीइतकाही परिणाम होणार नाही.”

“हो, ते आम्हाला माहीत आहे,” बायको हळूच म्हणाली. ते कौतुक नव्हतं हे मला नंतर कळलं.

दोन पानी टिपणाची खरी अडचण अशी की त्यात खरे आकडे घालायचे असतात. लिफ्टचा खर्च कंपनीच्या माणसाने सांगितला. फायदा कोण सांगणार? शास्त्र म्हणतं, लोक आज जिन्याने किती फेऱ्या मारतात ते मोजा, लिफ्टमुळे प्रत्येक फेरीत किती वेळ वाचेल ते काढा, आणि त्या वेळेची किंमत लावा. मी जिन्याच्या तोंडाशी एक तक्ता टांगला, त्याला दोरीने पेन्सिल बांधली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं की चढणाऱ्याने आपल्या मजल्यापुढे एक रेघ ओढावी.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोड केली की रेघा जितक्या जास्त तितका लिफ्टचा फायदा जास्त. झालं. ओळखीवाल्यांनी सकाळपासून जिना चढ-उतर सुरू केली. वर जायचं, दाराला हात लावायचा, खाली यायचं, रेघ ओढायची. दुपारी ते दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले दिसले. चेहरा लालबुंद, पण पेन्सिल हातात. “समाजासाठी करतोय,” असं ते धापा टाकत म्हणाले.

खजिनदारही काही स्वस्थ बसणारे नव्हते. रेघा कमी व्हायच्या तर लोकांनी खाली उतरलंच नाही पाहिजे, असा त्यांनी साधा हिशेब केला आणि सगळ्यांचं दूध, पाव, वर्तमानपत्र स्वतः घरपोच द्यायला सुरुवात केली. जन्मात कधी कुणाला बाकडं सरकवायला हात न लावणारा माणूस सकाळी सकाळी दारात दुधाच्या पिशव्या घेऊन उभा. लोक हरखून गेले. काहींनी भाजीही सांगायला सुरुवात केली. मी नियमाचा पक्का असल्यामुळे खजिनदारांच्या फेऱ्याही मोजल्या. आठवड्याच्या शेवटी बेरीज केली तर लिफ्टचा सगळ्यात जास्त फायदा तळमजल्याला होणार असं निघालं. मी हे त्यांना दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून इमारतीचं दूध पुन्हा ज्याचं त्याने आणायला सुरुवात केली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी एक शंका काढली. ओळखीवाल्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. म्हणजे जिना चढल्याने प्रकृती सुधारते. म्हणजे लिफ्ट आली की ती बिघडणार. मग तो तोटा फायद्यातून वजा नको का करायला? मला मानावं लागलं की मुद्दा बिनतोड आहे. मी ‘जिना न चढल्याने होणारी प्रकृतीची हानी’ असं एक नवीन परिशिष्ट जोडलं. त्यासाठी लोकांची वजनं लागणार होती. त्या कामात मला दोन दारांवरून परत पाठवण्यात आलं आणि एका दारात जे ऐकावं लागलं ते परिशिष्टात घालण्यासारखं नव्हतं.

यानंतर वेळेची किंमत. इथे मला फार काळजीपूर्वक वागावं लागलं, कारण माणूस आपलं वजन सांगेल पण आपला तास किती किमतीचा, या प्रश्नावर लगेच दुखावतो. डॉक्टरीणबाईंनी जो दर सांगितला तो ऐकून मी दाढदुखी सहन करायचा निश्चय केला. ओळखीवाले म्हणाले की त्यांच्या एकट्याच्या वेळेला काही भाव नाही, पण त्यांची ओळख ज्यांच्याशी आहे त्यांच्या वेळेला फार आहे, तेव्हा सरासरी धरावी. खजिनदारांनी स्वतःच्या तासाची किंमत इतकी कमी सांगितली की मला गलबलून आलं. ती मुद्दाम कमी सांगितली होती, हे लक्षात यायला जरा वेळ लागला.

मग मी घरी आलो आणि बायकोच्या नावापुढे निम्मा दर लिहिला.

“हे काय?” तिने विचारलं. ती माझ्या खांद्यावरून पाहत उभी होती.

“तू घरी असतेस ना. बिनपगारी वेळेचा दर निम्मा धरतात. तशी पद्धत आहे.”

“अस्सं,” ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. कप अर्धा होता. जेवताना भात अर्धा होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना सदऱ्याला एकाच बाजूने इस्त्री होती. समोरची बाजू व्यवस्थित होती, हे मी कबूल करतो. ऑफिसात दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलो आणि घरी येऊन दर पूर्ण केला. आमच्या शास्त्रात याला संवेदनशीलता तपासणी म्हणतात, म्हणजे एखादा आकडा बदलला तर उत्तर किती हलतं ते पाहणं.

आईचं नाव शेवटी आलं. तिच्या फेऱ्या शून्य. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. मी क्षणभर पेन हातात धरून बसलो, नाही असं नाही. पण इतर सगळ्यांचे आकडे मोजून घ्यायचे आणि स्वतःच्या आईचे मनाने घालायचे, हे मला जमण्यासारखं नव्हतं. कर्तव्यापुढे पोटच्या पोराचीही गय न करणारे न्यायाधीश होऊन गेले म्हणतात. मी तर फक्त आईपुढे शून्य लिहीत होतो. लिहिलं आणि प्रामाणिकपणे तिला दाखवलंही.

आईने चष्मा वर सरकवून पाहिलं. “बरं,” ती म्हणाली.

शाळेत ज्यांना तिने शिकवलं आहे त्यांना या ‘बरं’चा अर्थ माहीत आहे. मला तो माहीत असूनही मी पुढे गेलो, यावरून माझ्या तटस्थपणाची कल्पना यावी.

आठ दिवसांचं टिपण तीन महिन्यांनी तयार झालं. दोन पानांचं बाड झालं होतं, त्याला परिशिष्टं होती, आणि पुठ्ठ्याचं वेष्टन मी पदरचे पैसे खर्चून करून घेतलं होतं. निष्कर्ष एका ओळीत होता. फायदा भागिले खर्च, उत्तर एकाच्या किंचित खाली. अगदी किंचित, पण खाली ते खाली. लिफ्ट परवडत नाही. इतका घासून आलेला निकाल मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि तो मी न हलवता तसाच ठेवला, याचा मला अभिमान वाटला. दुपारी जेवायच्या वेळी मी तो घरी वाचून दाखवला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. आई जेवत राहिली. त्या संध्याकाळी गॅलरीत जाताना तिने साडी बदलली नाही.

सभेची नोटीस आली. स्थळ, तळमजल्यावरची गाड्यांची जागा. आईने ती नोटीस दोनदा वाचली आणि मला विचारलं, “घर कुणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या.”

“मग सभासद कोण?”

“तू.”

“आणि तू कोण?”

तीन महिने मी सोसायटीचा अभ्यास करत होतो आणि सोसायटीत मी कुणीच नव्हतो. आईने फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. डॉक्टरीणबाई आईच्या शाळेत शिकलेल्या. फोनवर त्या ‘हो बाई’ सोडून दुसरं काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नोटिशीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटली. एका सभासदाला खाली येणं शक्य नसल्याने सभा चौथ्या मजल्यावर, आमच्या घरी.

सभेच्या दिवशी मी दारात स्वागताला उभा होतो. खालून आवाज आधी आले, माणसं बऱ्याच वेळाने. दुसऱ्या मजल्यावरचे लोक तिसऱ्यावर थांबले, पहिल्या मजल्यावरचे दुसऱ्यावर थांबले, आणि मुद्दाम तळापासून चढलेले ओळखीवाले एकटेच ताजेतवाने, सगळ्यांना ओलांडून वर आले. खजिनदार शेवटी पोचले. दूध वाटणं बंद केल्याला तीन महिने होऊन गेले होते आणि तो सराव पार मोडला होता. त्यांनी विरोधाचं भाषण लिहून आणलं होतं, पण बसल्यावर त्यांना पहिलं वाक्य उच्चारता येईना. आईने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, “सावकाश. घाई नाही. मी कुठे जाणार आहे?”

मी अहवाल वाचला. चांगला वाचला. कात्री, फेऱ्या, तास, प्रकृतीची हानी, सगळं क्रमाने. शेवटी निष्कर्ष वाचून मी पुठ्ठा मिटला तेव्हा खजिनदारांच्या तोंडावर प्रथमच रंग आला. डॉक्टरीणबाईंनी कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं.

“मला आहे,” आई म्हणाली. “माझ्या नावापुढे शून्य आहे. का?”

“आई, तू जिन्याने जातच नाहीस.”

“का जात नाही?”

“गुडघे.”

“म्हणजे जिना चढवत नाही म्हणून मी जात नाही. आणि मी जात नाही म्हणून मला लिफ्टचा फायदा नाही.” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझे हात पाठीमागे गेले. “तुमच्या ऑफिसात पूल बांधायचा की नाही ते कसं ठरवता रे? आज नदी पोहून किती माणसं जातात, ते मोजून?”

खोलीत कुणीतरी खोकलं. मला ते दोन पूल आठवले. त्यांच्याबद्दल इथे बोलायचं कारण नाही, ते सरकारी काम आहे. पण काठावर उभं राहून आम्ही काय मोजलं होतं ते मला एकदम स्वच्छ आठवलं.

“मुद्दा तपासण्यासारखा आहे,” मी म्हणालो. “लिफ्ट आली तर तू खाली जाशील. तो तुझा फायदा मी धरतो. पण त्याला काहीतरी किंमत लावावी लागेल. तूच सांग, तुला मिळणार काय?”

आई म्हणाली, “दोन वर्षांत मी तुझ्या काकूंशी एक वाक्य हळू आवाजात बोललेले नाही. सगळं ओरडून. माणसाच्या काही गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात. तिच्याही असतील, माझ्याही आहेत. बाकी काय किंमत लावायची ती तू लाव, तुझं शिक्षण झालंय.”

खजिनदार भाषणाच्या कागदाकडे बघत होते. तेवढ्यात खालून, बाकावरून, काकूंची हाक आली. त्यांना वर चढायची मनाई, म्हणून सभेला त्या एकट्याच खाली राहिल्या होत्या.

“अहो, काय ठरलं?”

हाक खजिनदारांना होती, तेव्हा उठणं त्यांना भाग होतं. ते गॅलरीत गेले. या गॅलरीतून त्यांनी खाली कधी पाहिलेलं नसावं. मी त्यांच्या मागेच होतो. काकू बाकाच्या एका टोकाला बसून, कपाळावर आडवा हात धरून वर बघत होत्या. वरून फारच लहान दिसत होत्या. दुसरं टोक त्यांनी रिकामं ठेवलं होतं, सवयीने असेल.

“ठरतंय,” खजिनदारांनी वरून सांगितलं. त्यांना ओरडायचा सराव नव्हता, आवाज मधेच चिरकला.

“काय म्हणालात?”

“ठरतंय म्हटलं!”

ते आत येऊन बसले आणि भाषणाच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “वर्गणीत मात्र तळमजल्याला काही सवलत बघा.” सवलत एकमताने दिली गेली. मी तिथल्या तिथे आईच्या रोज दोन फेऱ्या धरून हिशेब पुन्हा मांडला आणि उत्तर एकाच्या किंचित वर आलं. किंचित, पण वर ते वर. अहवाल चुकलेला नव्हता, अपुरा होता, असं मी सभेच्या इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते नोंदवलं नाही.

आता परवानगी. त्यासाठी मी बांधकाम कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने आमच्या इमारतीचा मूळ मंजूर नकाशा काढला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “तुमच्याकडे लिफ्ट आहे.”

मी म्हणालो नाही. तो म्हणाला आहे. नकाशात जिन्याशेजारी एक चौकोन होता आणि त्यात स्पष्ट लिफ्ट असं लिहिलेलं होतं. बांधणाऱ्याने कागदावर लिफ्ट दाखवली होती आणि प्रत्यक्षात चौकोन तेवढा सोडला होता. त्या चौकोनात प्रत्येक मजल्याने फळ्यांची जमीन टाकून अडगळ भरली होती. तळमजल्यावर तर खजिनदारांनी दाराला कुलूप लावून सायकल, दोन ट्रंका आणि एक हार्मोनियम ठेवली होती.

“एक लिफ्ट असताना दुसरीला परवानगी मिळत नाही,” कारकून म्हणाला.

“पण पहिली नाहीच आहे हो.”

“मग ती काढून टाकायची परवानगी कधी घेतली?”

मी त्याला शांतपणे समजावलं की जी वस्तू कधी नव्हतीच ती काढता येत नाही. त्याने मला तितक्याच शांतपणे समजावलं की काढण्याचा अर्ज आल्याशिवाय ती नाही असं कार्यालय मानू शकत नाही. तर्काला तर्क भिडला होता आणि खिडकी त्याच्या बाजूला होती. ओळखीवाले मदतीला आले. त्यांची तिथे फार वरपर्यंत ओळख होती. ते गृहस्थ आदल्याच आठवड्यात निवृत्त झाले होते. शेवटी मी माझ्या सुवाच्य अक्षरात, नसलेली लिफ्ट काढण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज केला. आमच्या खात्यातल्या माणसाला असं काही लिहावं लागणं ही नामुष्की आहे, पण मी ती खाली मान न घालता पत्करली.

अर्जावरून पाहणीसाठी निरीक्षक आले. सडपातळ, घाईतले गृहस्थ. त्यांनी खजिनदारांना कुलूप उघडायला लावलं, टॉर्च मारून सायकल पाहिली, ट्रंका पाहिल्या, हार्मोनियमवर एक सूर वाजवून पाहिला, मग मान वर करून फळ्यांच्या फटीतून अंधारात बघितलं. त्यांनी कागदावर शेरा लिहिला आणि माझ्या हातात दिला. लिफ्ट बंद अवस्थेत आढळली, दुरुस्ती करून घ्यावी.

“साहेब, पण...” मी सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी माझा हात इतक्या जोरात दाबला की दाढ उपटताना त्यांचा जोर कुठून येतो ते मला कळलं. साहेब गेले. दुरुस्तीला वेगळी परवानगी लागत नव्हती. नव्या लिफ्टचं शुल्कही लागत नव्हतं. आमचं उत्तर त्या शेऱ्याने आणखी थोडं वर सरकलं आणि मी ते सुधारित परिशिष्टात दाखवलं.

मग तोडफोड झाली, धूळ झाली, हार्मोनियम आमच्या हॉलमध्ये आली कारण ती ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. लिफ्टचा पाळणा आला तो अर्ध्या बोटाने रुंद निघाला आणि भिंत तासावी लागली. चाचणीच्या दिवशी चार माणसांच्या लिफ्टमध्ये खजिनदार, ओळखीवाले, मी आणि आणखी तिघं शिरलो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकलो. सुटका होईपर्यंत वेळ होता, तेव्हा मी त्यांना अहवालातला जोखमीचा भाग तोंडी सांगितला. खजिनदार म्हणाले की अडकण्यापेक्षा हे जास्त होतंय. मी ते मनावर घेतलं नाही.

अखेर एका संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. आईने साडी बदलली. बायको तिला धरून लिफ्टपर्यंत घेऊन गेली आणि मी आत हात घालून बटण दाबणार, तेवढ्यात आई म्हणाली, “मला वाचता येतं.” तिने स्वतः बटण दाबलं. दार मिटलं आणि ती एकटी खाली गेली. बायको डोळे पुसत होती. मीही पुसले, सांगायला काय हरकत आहे.

प्रकल्प पुरा झाल्यावर, धरलेला फायदा खरोखर पदरात पडतो का, ते तपासायची आमच्या खात्यात पद्धत आहे. खात्यात ती कुणी पाळत नाही, मी पाळायची ठरवली. वही घेऊन गॅलरीत गेलो. खाली बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, डोकी जवळ. आई बोलत होती. काकू ऐकत होत्या, मधेच त्यांनी तोंडाला पदर लावला, हसल्या की रडल्या ते वरून कळलं नाही. ऐकू तर काहीच येत नव्हतं. मी कठड्यावरून बराच वाकलो, तरी नाही.

शेवटी पाहणी जवळूनच करावी म्हणून खाली उतरलो. जिन्याने उतरलो, कारण लिफ्टमध्ये ओळखीवाले कुठल्याशा ओळखीच्या माणसाला ती फिरवून दाखवत होते. मी बाकापाशी पोचलो तशा दोघी बोलायच्या थांबल्या.

“काय रे?” आई म्हणाली.

“काही नाही. सहज.”

“मग जा वर. आणि तिला सांग, जेवायला थांबू नका. मला यायला उशीर होईल.”

दोन वर्षं आई कुठे गेलीच नव्हती, त्यामुळे तिला कधी उशीरही झाला नव्हता. हे वाक्य आमच्या घरातून कधी नाहीसं झालं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी वही मिटली आणि वर आलो. चार मजले चढलो, पण चढल्यासारखं वाटलं नाही. बायकोला निरोप सांगितला. तिने आईचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि विचारलं, “किती उशीर होईल म्हणाल्या?”

ते मी विचारलंच नव्हतं.